वैभवच्या दाराची पट्टी

लॅबच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर कामिनीने एक खोटं दार टांगून ठेवलं होतं. दार म्हणजे नुसती लाकडी चौकट, मागे विटांची भिंत. हिंगण्याच्या त्या रबर कारखान्यात दाराखिडक्यांच्या पट्ट्यांचं नवं काम निघालं, की उरलेला तुकडा ती या चौकटीत बसवायची, कोपरे चिकटवायची आणि येता-जाता बघत राहायची. उन्हाळ्यात दुपारनंतर त्या भिंतीला हात लावला तर चटका बसे. म्हणूनच तिने ती निवडली होती. मशीनवरची माणसं त्या चौकटीला ‘मॅडमचं सासर’ म्हणायची. दार आहे, पण आत जाता येत नाही.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी डबा टेबलावर ठेवता ठेवता तिचं लक्ष चौकटीच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे एकमेकींना भिडल्या होत्या, तिथे एक बारीक काळी रेघ दिसत होती. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्या रेघेत सरकवलं. कार्ड न अडखळता आत गेलं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. ही राखाडी पट्टी होळीच्या आधी केलेली, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या नव्या वॉर्डासाठी. बोनमॅरो बदललेले रुग्ण तिथे राहणार होते. अशा रुग्णाच्या अंगात काही दिवस रोगाशी लढायची ताकदच उरत नाही. साध्या धुळीतली बुरशीसुद्धा त्याला पुरते. म्हणून खोलीत गाळलेली हवा सतत दाबाने भरायची आणि दार असं घट्ट मिटायचं, की बाहेरचा एक कणही आत येऊ नये. ते मिटणं सगळं या पट्टीवर अवलंबून.

नुसतं रबर भरवशाचं नसतं. बसवणारा कितीही जपून बसवो, हाताने थोडं ओढतोच. ओढलेलं रबर महिने-दोन महिने गप्प राहतं आणि मग हळूहळू आपल्या मूळ लांबीकडे परत येतं, कोपरा सोडून देतं. यावर उपाय म्हणून पट्टी साच्यातून बाहेर येतानाच तिच्या पोटात एक दोरा घालतात. दोरा रबराला लांबू देत नाही. मूळ बेत काचेच्या दोऱ्याचा होता, पण तो यायला उशीर झाला, तेव्हा ‘पॉलिएस्टरचा चालेल, फक्त सैल सोडायचा’ असं कामिनीनेच सांगितलं होतं. सांगितलं होतं आणि चाचणीत पट्टी पास झाल्यावर पुन्हा विचारलं नव्हतं.

तिने ब्लेड घेतलं आणि उभी पट्टी मधोमध आडवी कापली.

कापल्या कापल्या दोऱ्याचं टोक रबराच्या आत गेलं. गोगलगायीचं शिंग बोट लागताच आत जावं तसं. पट्टीच्या कापलेल्या तोंडावर एक बारीक भोक राहिलं, सुईच्या नेढ्याएवढं. तिने दुसरीकडे कापलं. तिथेही तेच झालं.

म्हणजे दोरा ताणातच आत कोंडला गेला होता, आणि तेव्हापासून सुटण्यासाठी पट्टीला आत ओढत होता. जिने लांबायचं नाही म्हणून दोरा घातला, ती पट्टी त्या दोऱ्यानेच आखडत चालली होती.

“काय वं, सकाळी सकाळी सासर कापून राहिली?”

दारात वसंतकाका उभे होते. लाइनवर दोऱ्याचं रीळ त्यांच्या ताब्यात असे. तांडापेठेतल्या विणकराच्या घरचे. बापाचा हातमाग बंद पडल्यावर रबरात आले, पण हात मागावरचाच राहिला. चालू लाइनवरचा दोरा कुणी ओलांडला तर ते अजूनही ओरडत. ताण्यावरून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवरून, पाय टाकायचा नसतो, ही त्यांच्या घरची रीत होती आणि कारखान्यात त्यांनी ती सगळ्यांना लावली होती. साहेब लोकांनाही.

त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा होता.

“घे. सोमवारपासून मी सुट्टीवर. वैभवले घेऊन राहिले भरती.”

वैभव त्यांचा मुलगा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याचं रक्त बनायचंच थांबलं. बहिणीचा, चिन्मयीचा मॅरो जुळला होता. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. कुठे भरती करणार, हेही माहीत होतं. फक्त तारीख ठरायची होती.

“सोमवारी?” कामिनीने विचारलं.

“सोमवारी सकाळी. खोली पण सांगितली. दुसऱ्या नंबरची.” त्यांनी चौकटीतली पट्टी बोटाने दाबून पाहिली. “माह्याच हातची पट्टी हाये त्या दाराले. वैभव म्हणते, बाबा, तुम्ही घरी दार आपटता, तिथं आपटू नका.”

कामिनीने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

“काका, त्या पट्टीच्या वेळी रिळाचा ब्रेक किती ठेवला होता?”

“तू म्हटलं होतं सैल. पण तो दोरा कसा झोल खाऊन येत होता, पाहिलं असतं तर तुलेही लाज वाटली असती. म्या ब्रेक कसला मग. माझा बाप ताण्यावर बोट मारून ऐकायचा. टण्ण आवाज आला की समजायचं, आता कापड सुरेख निघते.” ते हसले. “पोराच्या दाराची पट्टी म्हणून दोन आटे जास्तच दिले. कशी सरळसोट निघाली होती. तूच तर म्हणाली, काका, फूटपट्टी वाटते.”

म्हणाली होती. तिला ते वाक्य आठवत होतं.

“पेढा खाय,” वसंतकाका म्हणाले आणि लाइनकडे निघून गेले.

*

मालक ईश्वरदास केबिनमध्ये पंख्याखाली बसले होते. कामिनीने दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा चढवून भोकाकडे पाहिलं.

“चाचणीत पास झाली होती ना?”

“एक दिवस भट्टीत ठेवून मोजली होती, भाऊ. एका दिवसात आखडली ती मर्यादेच्या आत होती. ही हळूहळू सरकणारी गोष्ट आहे. तिथं एसी आत्ता आत्ता लागले. तोवर फिटिंग होऊन दारं उन्हाळ्यात तशीच उभी होती.”

“तुह्या भिंतीवर जेवढं ऊन, तेवढं तिथं नसंल.”

“नसेल. म्हणून तर जाऊन बघायचंय.”

ईश्वरदासांनी तुकडा उलटसुलट केला. “हॉस्पिटलनं माल पास केला. आता आपण स्वतः जाऊन सांगायचं, का आमचा माल खराब आहे? मिहानमधल्या कामाची बोलणी चालू आहेत माझी. लोकांना कळायला काय लागते? पुढच्या आठवड्यात जा आरामानं. मेंटेनन्स म्हण.”

“सोमवारी वैभव जातोय आत. दुसऱ्या खोलीत.”

ईश्वरदासांनी तुकडा टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला.

“वसंताले सांगितलं?”

“नाही.”

“मग आधी बघून ये. ठीक असंल तर उगाच त्याच्या जिवाला घोर लावू नको.” त्यांनी गाडीची किल्ली तिच्याकडे सरकवली. “आणि ठीक नसंल तर मले तिथूनच फोन कर. लपवू नको.”

गाडीजवळ वसंतकाका आधीच उभे होते. गेटवरच्या माणसाकडून त्यांना कळलं होतं, की मॅडम धंतोलीला निघाल्या. “मी पण येतो. खोली बघून घेतो एकदा. सोमवारी मले कोण आत जाऊ देते?” असं म्हणून ते पुढच्या सीटवर बसलेसुद्धा.

अंबाझरीपर्यंत ते वैभवबद्दल बोलत होते. वैभवला आता उकडलेलंच चालतं, फळंसुद्धा नाही. वैभव म्हणतो, बरा झालो की पहिले तर्री-पोहे खाईन, मग बाकीचं. चिन्मयी सुईला घाबरते, पण भावासाठी तयार झाली. कामिनी नुसतं ‘हं’ म्हणत होती. शंकरनगरच्या सिग्नलवर उन्हासाठी टांगलेल्या हिरव्या जाळीच्या सावलीत स्कूटरवाले दाटीने उभे होते. गाडी थांबली आणि काकाही बोलायचे थांबले.

“तुले काय दिसलं ते सांगशीन,” ते समोर बघत म्हणाले, “का मी असाच पोराच्या गोष्टी करत राहू?”

कामिनीने पर्समधून कापलेला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. भोकावरून अंगठा फिरवला. मग नख घालून दोरा शोधला, तो खूप आत लागला.

“आत गेला,” ते म्हणाले.

“ताणात होता म्हणून.”

मागून हॉर्न वाजायला लागले. कामिनीने गाडी पुढे घेतली.

“मागावरचं कापड उतरवलं की तेही आखडते थोडं,” वसंतकाका म्हणाले. “पण कापडाले कोपरा नसते धरायचा. दारात गेल्यावर कोण त्याले ओढून धरते, हे माह्या ध्यानातच नाही आलं.”

“माझ्या यायला पाहिजे होतं. मी ते शिकलेय.”

“मग दोघंही गाढव,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात विनोद नव्हता.

*

नवा वॉर्ड हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर होता, अजून रिकामा. देखभालीचा इंजिनियर गौरांग कामिनीच्याच वयाचा. तो बुटांवर कव्हर चढवायला देत म्हणाला, “प्रेशर परफेक्ट आहे मॅडम. चोवीस तास मॉनिटर करतोय.”

दुसऱ्या खोलीच्या दाराजवळ भिंतीत एक छोटा मीटर होता. काटा हिरव्या पट्ट्यात स्थिर होता. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या पडद्याआड कुणीतरी फरशी कापत होतं, मशीनचा आवाज येत होता.

कामिनीने गुडघे टेकले. खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, तीच रेघ होती. तिच्या चौकटीतल्यापेक्षा बारीक. कार्ड गेलं नसतं. तिने खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढून त्या कोपऱ्याशी धरली. कागद बाहेरच्या बाजूला फडफडला.

“बघा, हवा बाहेरच येतेय,” गौरांग म्हणाला. “म्हणजे आत काही जाऊच शकत नाही. थोडी गळती असली तर फॅन ती भरून काढतो. डिझाइनच तसं आहे.”

तो चूक बोलत नव्हता. कामिनीलाही क्षणभर वाटलं, उठावं, ‘ठीक आहे’ म्हणावं आणि जावं. सोमवारी ठरल्याप्रमाणे सगळं होईल. काकांच्या चेहऱ्यावरचं ते गाडीपासून साचलेलं काहीतरी उतरेल.

“फॅन बंद पडला तर?” तिने विचारलं.

“पडत नाही. जनरेटर आहे.”

“लाइन गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत?”

“सेकंदांचा प्रश्न आहे मॅडम. काय होते तेवढ्यात?”

“एकदा बघू या का?”

गौरांगने तिच्याकडे पाहिलं. मग वसंतकाकांकडे पाहिलं. “हे कोण?”

“सोमवारी या खोलीत माझा पोरगा येणार हाये,” वसंतकाका म्हणाले. “अन् ही पट्टी माझी हाये.”

गौरांगने खिशातून फोन काढला, खाली पॅनेलवर कुणाशी तरी बोलला. “चौथ्या मजल्याची वीज घालव, फीडर पाड. जनरेटरवर घे. हो, आत्ता.”

“कागद द्या,” वसंतकाका म्हणाले. ते कामिनीच्या शेजारी बसले. त्यांनी कागदाची पट्टी दोन बोटांत धरली, अगदी टोकाला, एरवी ते तुटलेला धागा धरत तशी. ती फडफडत होती.

दिवे गेले. फरशी कापायचा आवाजही थांबला. मीटरचा काटा खाली यायला लागला.

कागद खाली लोंबला. काही क्षण तो सरळ उभ्या रेघेसारखा राहिला. मग त्याचं टोक हळूच आतल्या बाजूला वळलं आणि त्या रेघेला जाऊन चिकटलं.

बाहेरची हवा आत ओढली जात होती. कॉरिडॉरच्या टोकाला प्लास्टिकचा पडदा फुगला आणि त्याच्याखालून पांढरी धूळ जमिनीलगत सरकत आली.

दिवे लागले. फॅन घरघरला. कागद सुटून पुन्हा बाहेर फडफडू लागला. सगळं पूर्वीसारखं.

वसंतकाकांनी हात खाली घेतला नव्हता.

“उन्हाळ्यात लाइन किती वेळा जाते इथं?” त्यांनी विचारलं.

गौरांगने डॉक्टरांना फोन लावला. तो बाजूला जाऊन बोलू लागला. बोलणं बरंच चाललं. एकदा तो म्हणाला, “नाही डॉक्टर, मी स्वतः पाहिलं.” परत आला तेव्हा त्याचा सूर बदलला होता.

“सोमवारचं रद्द. फरशीचं काम आजच बंद करतो. डॉक्टर म्हणतात, पेशंटचे काउंट बघता फार थांबता येणार नाही. गुरुवार शेवटचा. त्याच्या आत दार दुरुस्त, खोली पुन्हा धुऊन निर्जंतुक, आणि हीच टेस्ट पुन्हा. नाही जमलं तर मुंबईला पाठवावं लागेल. आणि तो प्रवास या पेशंटला...”

कामिनीने ईश्वरदासांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काचेचा दोरा आला आहे ना स्टोअरमध्ये?” त्यांनी विचारलं.

“आलाय.”

“उद्या लाइन चालू कर. रविवार आहे तर असू दे. चारही खोल्यांचं करायचं, एका दाराचं नाही. मिहानवाल्यांना मीच सांगतो काय झालं ते. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं.”

*

रविवारी शेडमध्ये फक्त एकच लाइन चालू होती. साच्याच्या तोंडातून राखाडी पट्टी निघून भट्टीच्या बोगद्यात शिरत होती. मागे रिळावरून काचेचा पांढरा दोरा येत होता, आणि दोन चाकांच्या मध्ये तो खाली झोळ देत होता.

वसंतकाका रिळाजवळ हात मागे बांधून उभे होते. सकाळपासून ते जेवढ्यास तेवढं बोलत होते. वैभवला भरती का पुढे गेली, हे त्यांनी घरी सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. तो काय म्हणाला, हे त्यांनी कामिनीला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

“ब्रेक तू लाव,” ते म्हणाले.

“तुम्हीच लावा, काका.”

“माह्या हाताचा भरवसा नाही आता.”

“पूर्ण सैलही चालत नाही. झोळ फार झाला तर दोरा रबरात वाकडा बसेल. मला ते बोटाला कळत नाही. तुम्हाला कळतं.” ती थांबली. “आवाज येईल तिथून उलटं यायचं. आवाज बंद होईपर्यंत.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ब्रेकच्या चकतीवर हात ठेवला. आटा कसला, दोऱ्यावर बोट मारलं. बारीक आवाज आला, आणि त्या आवाजाने त्यांचा चेहरा नकळत सैलावला, हे कामिनीला दिसलं. मग त्यांनी आटा सोडला. बोट मारलं. आणखी सोडला. दोरा नुसता हलला, मुका. अजूनही त्यांचा हात चकतीवरून निघत नव्हता.

“असं वाटते, बापानं पाहिलं तर शिव्या घालंल,” ते म्हणाले, आणि हात काढून घेतला.

भट्टीतून बाहेर आलेला पहिला तुकडा फूटपट्टीसारखा नव्हता. टेबलावर ठेवल्यावर त्याला किंचित बाक आला. वसंतकाकांनी तोंड वळवलं. कामिनीने ब्लेड त्यांच्यापुढे धरलं.

“तुम्ही कापा.”

त्यांनी कापलं. दोघेही वाकून बघत राहिले. कापलेल्या तोंडावर काचेचा पांढरा ठिपका रबराच्या बरोबरीने होता. भोक नव्हतं. काकांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. खाच लागली नाही.

“आता कळलं असं समजू नका,” कामिनी म्हणाली. “हा तुकडा भट्टीत जाईल, एक भिंतीवर जाईल. बुधवारी मोजू. आणि तरी मी दर महिन्याला जाऊन त्या दारांचे कोपरे बघणार आहे. एका दिवसावर मी आता पास म्हणणार नाही.”

“म्हणजे सासरी जायचं तू सोडत नाही,” वसंतकाका म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज ओळखीचा वाटला.

पट्टी सोमवारी बसवली. फिटर सवयीने वरून खाली ओढत लावायला लागला, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. “ओढू नको गा. कोपऱ्यापासून लाव, थोडी जास्तीच कापून, अन् मधल्या बाजूले दाबत ने.” बुधवारी भट्टीतल्या तुकड्याची लांबी कामिनीने तीनदा मोजली. मग गौरांगने पुन्हा फीडर पाडला, चारही दारांवर. काटा खाली गेला, पण पहिल्यापेक्षा कितीतरी हळू. कागद कोपऱ्याशी लोंबत राहिला, ना बाहेर, ना आत, दिवे लागेपर्यंत.

गुरुवारी वैभव आला. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, अंगात मोठा झालेला शर्ट. नर्सने त्याला आत घेतलं. दार मिटताना वसंतकाकांचा हात पुढे गेला, खालचा कोपरा चाचपायला. मध्येच त्यांनी तो खिशात घातला.

काचेतून वैभव दिसत होता. त्याने पलंगावर बसून फोन लावला. काकांनी उचलला, कामिनीला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“बाबा, काही बोलले का तुम्ही आत्ता? तोंड हलताना दिसलं.”

“हाक मारली तुले.”

“इथं काहीच ऐकू येत नाही बाहेरचं.”

वसंतकाकांनी दाराच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग कामिनीकडे.

“नाही येत ना,” ते फोनमध्ये म्हणाले. “मग राहू दे. फोनवरच बोलू.”